ॲना मणी

ॲना मणी (जन्म : २३ ऑगस्ट १९१८, मृत्यू : १६ ऑगस्ट २००१) या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होत्या. वातावरणातील ओझोन मोजणारे भारतीय बनावटीचे उपकरण त्यांच्या पुढाकाराने पुणे येथे विकसित झाले.

जन्म व शिक्षण
केरळमधील पीरमेड येथे त्यांचा जन्म झाला. १९३९ मध्ये त्यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतली. पुढे बंगळूर येथे सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हिरे व माणिक यांच्या वर्णपटांवर संशोधन केले. प्रबंध पूर्ण होऊनही, पदव्युत्तर पदवी नसल्याने मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. १९४५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व हवामान-उपकरणांत पारंगत झाल्या.

पुण्यातील कार्य
१९४८ मध्ये त्या भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील उपकरण शाखेत रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांची निर्मिती देशात सुरू करविली.

१९६० च्या सुमारास त्या ओझोनच्या मोजमापाकडे वळल्या. १९६४ मध्ये भारतीय ओझोनसाँड तयार झाले. फुग्यासोबत वर जाणाऱ्या या उपकरणात हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते. ओझोनच्या प्रमाणात निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहाची नोंद रेडिओसंदेशाने जमिनीवर मिळते.

कार्याचे महत्त्व
ओझोनचा थर सूर्याची घातक अतिनील किरणे शोषून घेतो. तो विरळ झाल्यास त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो आणि पिकांचीही हानी होते. शीतकपाटे व फवारण्यांत त्या काळी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनमधील क्लोरीन ओझोनचा नाश करते, हा इशारा १९७४ मध्ये मिळाला. अंटार्क्टिकावरील ओझोनची घट १९८५ मध्ये उघड झाली, ती तेथे अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदींमुळेच. पूर्वीची नोंद नसेल, तर घट सिद्ध करता येत नाही. धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच मणी यांनी भारतात अशा नोंदींची सोय केली होती. १९८७ च्या माँट्रियल कराराने या रसायनांवर निर्बंध आले. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला.

उत्तरायुष्य
१९७६ मध्ये त्या विभागाच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी भारतातील सौर व पवन ऊर्जेची आकडेवारी ग्रंथरूपाने सिद्ध केली. १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळाले. तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.