काट्यावर बसून जेवणारा डॉक्टर

आमच्या बाथरूममधल्या वजनकाट्याने मागच्या महिन्यात घराची झोप उडवली. माझी लेक कॉलेजात शिकते. एका सकाळी काट्याने तिचे वजन आदल्या दिवसापेक्षा आठशे ग्रॅम जास्त दाखवले आणि रात्री पोरगी भरल्या ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. रागावून उपयोग नव्हता आणि समजावायला मला तरी कुठे काय ठाऊक होते? माझेही वजन सकाळी एक, संध्याकाळी दुसरेच. म्हणून पुस्तके चाळायला बसले, तर चारशे वर्षांपूर्वीचा एक गृहस्थ भेटला. सान्तोरिओ सान्तोरिओ.

१५६१ साली तो कापोदिस्त्रिया नावाच्या बंदरात जन्मला. गाव तेव्हा व्हेनिसच्या राज्यात होते. आज ते स्लोव्हेनियात आहे. पादुआच्या विद्यापीठात तो वैद्यक शिकला आणि १६११ मध्ये तिथेच प्राध्यापक झाला. गॅलिलिओशी त्याची ओळख होती. त्या काळचे वैद्य नाडी आणि ताप हाताच्या अंदाजाने ठरवत. सान्तोरिओला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. नाडीचा वेग मोजायला त्याने दोरीचा लंबक वापरला आणि ताप मोजण्याच्या नळीवर अंश आखले.

पण त्याचे नाव राहिले ते एका खुर्चीमुळे. लांब दांडीच्या मोठ्या काट्याला त्याने खुर्ची टांगली होती. तीत बसून तो जेवे आणि स्वतःचे वजन करी. काय खाल्ले-प्यायले आणि शरीरातून काय बाहेर पडले, तेही तो तोलत असे. हा उद्योग त्याने तीस वर्षे केला असे सांगतात. त्यावरचे त्याचे पुस्तक १६१४ मध्ये निघाले.

त्याला आढळले ते नवलाचे होते. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता निघून जात. आज आपल्याला त्याचे कारण माहीत आहे. त्वचेतून आणि श्वासातून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते, श्वासातून कार्बन डायऑक्साइडही जातो. या अदृश्य घामावरच सारे आरोग्य अवलंबून आहे असे तो मानी. तिथे तो चुकला. पण निरोगी, बेताने खाणाऱ्या पुरुषाचेही वजन महिन्यात पौंड-दोन पौंड वाढते आणि पुन्हा उतरते, हे त्याने लिहून ठेवले. १६२४ मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली आणि १६३६ मध्ये व्हेनिसला त्याचा मृत्यू झाला.

मी लेकीला हे सगळे सांगितले. लिटरभर पाणी प्यायले की काटा लगेच किलोभर पुढे जातो. ती काही चरबी नव्हे. पापड-लोणचे जास्त झाले तर शरीर पाणी धरून ठेवते. पाळीच्या आधीही अनेकींचे तसेच होते. त्यात आमचा काटा पायपुसण्यावर ठेवलेला! मऊ किंवा उंचसखल जागी तो खरे बोलतच नाही. हृदयाच्या दुखण्यात मात्र दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढले, तर डॉक्टरांना कळवायलाच हवे.

आता काटा सपाट फरशीवर आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, साधारण तशाच कपड्यांत वजन करायचे आणि वहीत लिहायचे. महिन्याभराचे आकडे एकत्र पाहायचे. एका दिवसाच्या आकड्याला भाव द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.

सान्तोरिओ काट्यावर बसला तो शरीरात काय चालते ते कळावे म्हणून. रोजच्या आकड्याने त्याला भिववले असते, तर तो इतकी वर्षे तिथे बसलाच नसता. लेकीला हे पटले की नाही, तिने सांगितले नाही. अजूनही एखाद्या रात्री ती पोळी अर्धीच घेते, आणि माझे लक्ष तिच्या ताटाकडे असते. पण काल तिने आपणहून आमटी मागून घेतली. मी काही बोलले नाही, फक्त वाढली.