स्वतःला फिट यायच्या, तरी जखमी सैनिकांना सोडून आले नाहीत सोलापूरचे डॉ. कोटणीस

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. चीनच्या युद्धात काम करताना त्यांचा जीव गेला, एवढं आपल्याला माहीत असतं. पण मृत्यूचं कारण विचारलं तर अनेक जण गोळी किंवा बॉम्ब असं सांगतील. खरं कारण होतं अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार.

कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले.

चीनला का गेले?

1937 मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभरातून वर्गणी गोळा झाली आणि सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं. त्यात 27 वर्षांचे कोटणीस होते.

काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली. कोटणीस परतले नाहीत. 1939 च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचलं. पुढे ते थेट आघाडीजवळच्या डोंगराळ भागात कामाला गेले. 1940 च्या लढाईत त्यांनी सलग 72 तास झोप न घेता ऑपरेशन्स केल्याचं सांगितलं जातं.

1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

डॉक्टरच पेशंट झाला

याच काळात त्यांना फिट येऊ लागल्या. आपल्याला काय होतंय, हे त्यांना डॉक्टर म्हणून नक्कीच कळत होतं. फिटवरची औषधं तेव्हा जगात उपलब्ध होती. पण कोटणीस होते तो भाग शत्रूने वेढलेला होता. तिथे साध्या औषधांचीही टंचाई होती. झोप कमी, खाणं तुटपुंजं आणि कामाचा ताण प्रचंड. झोप कमी झाली की फिटचा धोका वाढतो.

उपचारांसाठी दुसरीकडे जाण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. वॉर्ड, वर्ग आणि शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकाचं लिखाण सुरूच राहिलं.

9 डिसेंबर 1942 रोजी फिटचे झटके थांबलेच नाहीत आणि कोटणीस गेले. वय 32. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. पुस्तक अर्धवटच राहिलं.

आज हे का वाचायचं?

आपल्याकडे फिट आली की आजही कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल नाकाशी धरतं, कोणी अंगात आलं म्हणतं. लग्न जमणार नाही म्हणून घरचे आजार लपवतात. फिट येणाऱ्याला वेडा ठरवणारेही आहेत. अशा सगळ्यांना सांगायला सोलापूरचं हे उदाहरण पुरेसं आहे. हा आजार असलेला माणूस युद्धात एक अख्खं रुग्णालय सांभाळत होता.

कोटणीसांना जे मिळालं नाही, ते आज आपल्याकडे आहे. नियमित औषधं घेतली तर बहुतेकांच्या फिट आटोक्यात राहतात. समोर कोणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखान्यात न्या.

1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर सिनेमा काढला. चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे. सोलापूरला गेलात तर स्मारक नक्की बघा आणि घरात कोणाला फिट येत असतील तर त्यांनाही सोबत न्या.