गाडीला ‘सेल्फ’ देणारे चार्ल्स केटरिंग, आणि तुमची बॅटरी खरंच खराब आहे का?

गॅरेजमध्ये मेकॅनिक ‘सेल’ मारायला सांगतो, तेव्हा त्याचा रिमोटमधल्या सेलशी काही संबंध नसतो. तो शब्द ‘सेल्फ स्टार्टर’मधला ‘सेल्फ’ आहे, बोलून बोलून झिजलेला. आणि हा सेल्फ रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये खऱ्या अर्थाने आणला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर कोडमधले बग शोधतो. त्यामुळे केटरिंग यांच्याकडे मी शोध लावणारा म्हणून कमी आणि बिघाड शोधणारा म्हणून जास्त बघतो.

त्यांचा जन्म १८७६ मध्ये ओहायो राज्यात, लाउडनव्हिलजवळच्या एका शेतावर झाला. डोळ्यांच्या त्रासाने कॉलेज मध्येच सुटलं. काही काळ टेलिफोनच्या लाईनवर काम केलं, पुन्हा शिकायला गेले आणि १९०४ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. पहिली मोठी नोकरी डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. तिथे त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला इलेक्ट्रिक मोटर बसवली. पुढचं सगळं या गल्ल्यातूनच निघालं, म्हणून तो लक्षात ठेवा.

१९०९ मध्ये त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासोबत डेल्को कंपनी काढली. काम चालायचं डीड्स यांच्या घरामागच्या धान्याच्या कोठारात. अगदी आजच्या स्टार्टअपसारखं! आधी त्यांनी कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरीवर चालणारी इग्निशन बनवली. मग वळले सेल्फकडे.

तेव्हा गाडी हँडल मारून सुरू करायची. इंजिनने उलटा फटका दिला की हात मोडायचा. बायरन कार्टर नावाचे कारनिर्माते एका बाईची गाडी सुरू करून देताना असाच फटका बसून गेले, म्हणून कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांनी सेल्फ बनवायला लावला, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. पण तारखा जुळत नाहीत. कार्टर १९०८ मध्येच वारले होते, सेल्फचं काम १९१०-११ मधलं. फटके मात्र खरे होते.

अडचण अशी होती की इंजिन फिरवण्याएवढी ताकद सतत देणारी मोटर गाडीत मावेना. केटरिंग यांना गल्ला आठवला. तिथली मोटर दिवसभर फिरत नाही, क्षणभर फिरते आणि थांबते. क्षणभरासाठी छोट्या मोटरवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला तरी चालतो, कारण ती जळण्याइतकी गरम व्हायच्या आत काम संपलेलं असतं. आजचा सेल्फही याच हिशोबावर उभा आहे. म्हणून गाडी सुरू होत नसेल तर सेल मारतच बसू नका. पाच-सात सेकंद मारा, मग मिनिटभर थांबा.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ आला. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सेल्फ आणि डायनामो हे एकच मशीन होतं. सुरू करताना ते बॅटरीतून २४ व्होल्ट घ्यायचं आणि इंजिन चालू झालं की तेच ६ व्होल्टने बॅटरी चार्ज करायचं. दिवे आणि इग्निशनही त्याच बॅटरीवर. म्हणजे केटरिंग यांनी नुसती मोटर विकली नाही, एक पूर्ण चक्र विकलं. बॅटरी सेल्फला देते, सेल्फ इंजिनला फिरवतो, इंजिन डायनामोला फिरवतं आणि डायनामो बॅटरीला परत भरतो.

हे चक्र डोक्यात असेल तर बॅटरी उतरली की लगेच नवीन घ्यायला कोणी धावणार नाही. आमच्या मामांच्या गाडीची बॅटरी एका गॅरेजने वर्षात दोनदा बदलली. शेवटी निघाली काय, तर इंजिनला जोडलेली गंजकी अर्थची पट्टी!

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि असं बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. सेल मारताना आकडा पडणारच, पण तो साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकलेली असू शकते. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तिथेही बारा-साडेबाराच राहिला तर बॅटरीला दोष देऊ नका. अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा मधली वायर बघा. (काही नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे हेडलाईट लावून पुन्हा मोजा.) आकडा पंधराच्या वर स्थिर राहिला तर रेग्युलेटर गेला असावा.

आवाजही ऐका. टकटकटक असा भराभर आवाज म्हणजे बहुतेक बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच टक् आणि पुढे शांतता असेल, दिवे मात्र झगझगीत, तर संशय सेल्फवर. अर्थ तपासायचा असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या मोकळ्या धातूवर ठेवून सेल मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर करंट वाटेतच अडतोय.

आणि एक जुनी युक्ती कधीच करू नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो चालतोय का ते बघायचं, हे जुन्या साध्या डायनामोच्या काळात खपून जायचं. आज त्या झटक्यात हजारो रुपयांचा कॉम्प्युटर उडू शकतो.

पुढे केटरिंग यांच्या स्वतःच्या कामावरच आरोप आला. चढावर इंजिन ‘नॉक’ व्हायचं, म्हणजे आतून ठोके पडायचे. लोक म्हणू लागले, दोष त्यांच्या बॅटरी इग्निशनचा. आपलंच मशीन बरोबर आहे असं सांगत बसण्यापेक्षा त्यांनी सहकारी थॉमस मिजली यांना शोधाला लावलं. मिजलींनी चालू इंजिनच्या आत बघण्याची सोय केली आणि दिसलं की ठोका ठिणगी पडल्यानंतर, इंधन जळताना पडतो. दोष इंधनात होता.

मग १९१६ मध्ये गंमत झाली. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल, या अंदाजाने त्यात आयोडीन घातलं, आणि ठोके कमी झाले. इथे थांबले असते तर चुकीच्या कारणावर खूश राहिले असते. पण त्यांनी दुसरे लाल रंगही घालून पाहिले. काहीच फरक पडला नाही! म्हणजे काम रंगाचं नव्हतं, आयोडीनचं होतं. गाडीच्या वायरिंगमध्ये हे रोज घडतं. एक वायर हलवली, गाडी सुरू झाली, म्हणून तीच वायर खराब होती असं सिद्ध होत नाही.

याच शोधातून १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पना आली आणि इथे मला केटरिंग यांचं कौतुक करवत नाही. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. अल्कोहोलनेही नॉक थांबतो हेही त्यांच्या लॅबला माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवताना पाच कामगार दगावले, तरी विक्री पुढे चालू राहिली आणि ती विकणाऱ्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. भारतात पेट्रोलमधलं शिसं हटायला २००० साल उजाडलं. बिघाडाचं निदान अचूक होतं, उपाय घातक निवडला.

१९४७ पर्यंत ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कॅन्सर संस्थेच्या स्लोन-केटरिंग नावातले केटरिंग हेच. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर १९६० च्या सुमारास क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये डायनामोच्या जागी अल्टरनेटर येऊ लागले.

आता चक्र पुन्हा फिरलंय. आपल्याकडच्या माइल्ड हायब्रिड गाड्यांमध्ये बेल्टवर चालणारं एकच मशीन इंजिन सुरूही करतं आणि बॅटरी चार्जही करतं, १९१२ च्या कॅडिलॅकसारखं. अशा गाडीत दुसरी लिथियम बॅटरीही असते. तिला मीटर लावू नका, ते काम सर्व्हिस सेंटरवर सोडा. बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी मात्र तुम्ही खुशाल तपासा.