छातीचे बोल ऐकणारा डॉक्टर

डॉक्टरांकडे गेलो की ते कानाला नळ्या लावतात, थंडगार चकती आपल्या छातीवर टेकवतात आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. लहान मुलापासून आजीपर्यंत सर्वांना हा अनुभव आहे. पण हे साधन कोणी शोधून काढले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. आज आपण त्या माणसाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव डॉ. रेने लाएनेक.

लाएनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. वडील वकील होते. रेने पाच वर्षांचा असताना आई क्षयरोगाने वारली. पुढे काका गिय्योम यांनी त्याला नांत शहरात आपल्या घरी वाढवले. काका तिथल्या इस्पितळात डॉक्टर होते. ते दिवस फ्रेंच राज्यक्रांतीचे होते. शहरातल्या चौकात गिलोटिनखाली माणसे मारली जात होती आणि इस्पितळात जखमींची रीघ लागली होती. काकांच्या हाताखाली या मुलाने कोवळ्या वयातच रुग्णसेवा पाहिली आणि केली.

१८०१ साली लाएनेक पॅरिसला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. तिथे त्यांना कोर्व्हिसार हे गुरू लाभले. हे नेपोलियनचे खासगी डॉक्टर. ऑस्ट्रियाच्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी १७६१ साली एक पद्धत सांगितली होती. छातीवर बोटांनी ठोकून पाहायचे. हवेने भरलेले फुफ्फुस पोकळ वाजते, पाणी साचले असेल तर आवाज बद्द येतो. आपणही माठ किंवा पिंप ठोकून पाणी कुठवर आहे ते ओळखतो, तसेच हे. लोक ही पद्धत विसरून गेले होते. कोर्व्हिसार यांनी ती पुन्हा वापरात आणली आणि लाएनेक ती त्यांच्याकडून शिकले.

इथे थोडे थांबून आपल्या छातीत काय काय आहे ते पाहू. बाहेरून बरगड्यांच्या बारा जोड्यांचा पिंजरा आहे. पुढे मधोमध छातीचे चपटे हाड, मागे पाठीचा कणा आणि खाली घुमटासारखा स्नायूंचा पडदा. हा पडदा छाती आणि पोट वेगळे करतो. तो खाली सरकला की श्वास आत येतो. दोन्ही बाजूंना फुफ्फुसे आहेत. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग आणि डाव्याचे दोनच, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. प्रत्येक फुफ्फुसाभोवती दुपदरी पातळ आवरण असते. त्या दोन पदरांमध्ये थोडासा ओलावा असतो, म्हणून श्वास घेताना घर्षण होत नाही. घशाखालची श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारखी फुटत फुटत फुफ्फुसांत पसरते. मुठीएवढे हृदय दोन फुफ्फुसांच्या मध्ये, जरा डावीकडे झुकलेले असते आणि त्याच्यातून निघणारी महाधमनी सर्व शरीराला रक्त पुरवते.

हे सर्व मेलेल्या माणसाच्या देहात पाहता येत होते. जिवंत माणसाच्या पिंजऱ्यात काय बिघडले आहे ते कसे कळणार? एक्स-रे यायला अजून ऐंशी वर्षे होती. काही डॉक्टर रुग्णाच्या छातीला सरळ कान लावत, पण त्यात संकोच असे आणि नीट ऐकूही येत नसे.

१८१६ साली लाएनेक पॅरिसच्या नेकेर इस्पितळात रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी मित्र डॉ. बेल क्षयाने वारले. भाऊही त्याच रोगाने आधी गेला होता. इस्पितळात एक तरुण स्त्री त्यांच्याकडे आली. तिला हृदयविकाराची लक्षणे होती. अंगाने ती स्थूल होती, त्यामुळे ठोकून काही समजेना आणि तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे त्यांना योग्य वाटेना. तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट आठवली. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो आवाज स्पष्ट येतो. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या हृदयावर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके पूर्वी कधी नव्हे इतके स्वच्छ ऐकू आले.

पुढे कागदाच्या जागी सुमारे फूटभर लांबीची लाकडी नळी आली. लाएनेक स्वतः चरकावर लाकूड कातून या नळ्या बनवत. परंतु त्यांचे मोठेपण नळीत नाही, चिकाटीत आहे, असे आम्हांला वाटते. जवळजवळ तीन वर्षे ते रोज रुग्णांच्या खाटेजवळ बसून ऐकत आणि टिपून ठेवत. रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून आवाज आणि आतला बिघाड यांचा मेळ घालत. न्यूमोनियात तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा आवाज येतो. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी झाले तर रुग्णाचा आवाज शेळीच्या ओरडण्यासारखा कापरा येतो. क्षयाने फुफ्फुसात पोकळी पडली असेल तर रुग्णाचे बोलणे जणू छातीतूनच थेट कानात शिरते. हे सर्व त्यांनी १८१९ साली दोन खंडांच्या ग्रंथात मांडले. त्यांची एक चूकही झाली. हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचे कारण त्यांनी वेगळेच समजले होते. पुढच्या डॉक्टरांनी ते सुधारले. दोन्ही कानांची नळीही १८५० नंतर आली.

काहींनी त्यांची थट्टा केली. रोग कळून उपयोग काय, औषध कुठे आहे, असा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. क्षयावर तेव्हा उपचारच नव्हता. तरीही त्यांनी ऐकणे सोडले नाही. ते श्रद्धाळू कॅथोलिक होते आणि गरिबांविषयी त्यांना कळवळा होता. १८१४ च्या युद्धात पॅरिसच्या इस्पितळात ब्रिटनीचे आजारी सैनिक आले. त्यांना फ्रेंच येत नव्हते. लाएनेक त्यांच्याशी त्यांच्याच ब्रेटन भाषेत बोलत. घरापासून दूर मरणाच्या दारात पडलेल्या त्या पोरांना केवढा आधार वाटला असेल!

ग्रंथ लिहून लाएनेक यांची स्वतःची तब्येत ढासळली. काही काळ ते गावी राहिले, पुन्हा पॅरिसला येऊन त्यांनी शिकवले. १८२४ साली विवाह केला. १८२६ च्या वसंतात खोकला आणि ताप वाढला. घराण्यातलाच तरुण डॉक्टर मेरियाडेक याने त्याच नळीने त्यांची छाती तपासली. त्याला ऐकू आले ते क्षयाचे आवाज. जगाला ज्यांनी ते ओळखायला शिकवले, त्यांच्याच छातीत ते निघाले. ब्रिटनीतील आपल्या केरलुआर्नेक येथील घरी १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते प्रभूकडे गेले. आपली नळी त्यांनी मृत्युपत्राने मेरियाडेकला दिली.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला. आज औषधे आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. तरीही जगातले सर्वांत जास्त क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. कारण अजूनही आपण खोकला लपवतो, मुलीच्या लग्नाची काळजी करतो, शेजारी काय म्हणतील म्हणून गप्प राहतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करून घ्यावी आणि औषधे मध्येच सोडू नयेत. लाएनेक यांच्याकडे औषध नव्हते, तरी त्यांनी आजाऱ्याच्या छातीला कान दिला. आपल्याकडे औषध आहे. घरातल्या आणि शेजारच्या आजाऱ्याचे ऐकायला आपण तयार आहोत का, एवढाच प्रश्न उरतो.