यकृत कोणाला द्यायचे? डॉ. स्टार्झल यांचा धडा

यकृताचा कर्करोग झाल्याचे कळले, की जळगाव-धुळ्याकडचे नातेवाईक हमखास विचारतात, लिव्हर बदलता येईल का? काहींना होकार मिळतो, अनेकांना नकार. ही निवड कशी होते, हे डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या आयुष्यावरून चांगले कळते.

११ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, ल मार्स या छोट्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वृत्तपत्र चालवत, आई परिचारिका होती. स्टार्झल एकविशीत असताना आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. १९५२ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे शल्यचिकित्सेकडे वळले. कुत्र्यांवर अनेक प्रयोग केल्यानंतर १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे त्यांनी माणसावरील जगातले पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. रक्तस्राव थांबेना, तो टेबलावरच दगावला. त्यानंतरचे रुग्णही २३ दिवसांपलीकडे जगले नाहीत. स्टार्झल यांनी या शस्त्रक्रिया थांबवल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळेत चुका शोधल्या.

जुलै १९६७ मध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी समोर दीड वर्षाची मुलगी होती, तिला यकृताचा कर्करोग होता. नवे यकृत उत्तम चालले. प्रत्यारोपणानंतर वर्षभराहून अधिक जगलेली ती जगातली पहिली रुग्ण ठरली. पण अखेर तिचा जीव गेला तो कर्करोगानेच. रोग यकृताबाहेर पसरला होता.

१९८० पासून स्टार्झल यांनी सायक्लोस्पोरिन हे औषध वापरायला सुरुवात केली. १९८१ मध्ये ते पिट्सबर्गला गेले. रुग्ण जगू लागले, तसा निवडीचा प्रश्न अधिक टोकदार झाला. मोठ्या गाठी असलेल्यांत कर्करोग वारंवार उलटत होता. गाठ मोठी झाली की तिच्या पेशी रक्तवाहिन्यांत शिरतात, आणि शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दिलेली औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. उलट, सिरोसिसमुळे काढलेल्या यकृतात अचानक सापडलेली छोटी गाठ क्वचितच उलटत असे. स्टार्झल यांच्या चमूने हा फरक १९८५ मध्ये नोंदवला.

१९९६ मध्ये इटलीतील मिलानचे डॉ. मॅझाफेरो यांनी त्याला मापात बसवले. एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत. रक्तवाहिनीत शिरकाव नको, यकृताबाहेर प्रसार नको. अशा निवडक ४८ रुग्णांत चार वर्षांनी जिवंत राहण्याचे प्रमाण ७५ टक्के आढळले. आजही निवडीचा पाया हाच आहे. काही केंद्रे याहून थोडी सैल मापे वापरतात. काही रुग्णांत औषधोपचाराने गाठ आधी लहान करून मग विचार होतो. कठोरपणाला कारण आहे. दान मिळालेली यकृते मोजकीच असतात. एकाला दिलेले यकृत दुसऱ्याला मिळत नाही.

हजारो रुग्णांना नवे आयुष्य देणाऱ्या या पद्धतीचा पाया घालणारे स्टार्झल स्वतः शस्त्रक्रियेआधी भीतीने अस्वस्थ होत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सुरी खाली ठेवली, संशोधन मात्र सोडले नाही. ४ मार्च २०१७ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

खान्देशातला रुग्ण अनेकदा पोटात पाणी आणि डोळ्यांत कावीळ घेऊन येतो. तोवर गाठ मापाबाहेर गेलेली असते. म्हणून ज्यांना सिरोसिस आहे, मग तो दारूने असो, कावीळ बी वा सीने असो की चरबीने, त्यांनी त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. कावीळ बी जुनाट असेल, तर सिरोसिस नसतानाही तपासणी कधीपासून हवी, हे डॉक्टरांना विचारावे. दोन सेंटिमीटरची गाठ वेळेत सापडली, तर होकाराची आशा असते.