बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांचे अपुरे राहिलेले विधेयक

लोकसभेच्या पहिल्या दोन दशकांत महाराष्ट्रातून दिल्लीस आलेल्या सदस्यांत बॅरिस्टर नाथ पै यांचे स्थान वेगळे आहे. ते कधी मंत्री झाले नाहीत, सत्ताधारी बाकांवर बसण्याचा योगही त्यांना आला नाही. प्रजासमाजवादी पक्षासारख्या लहान पक्षाचे ते सदस्य होते आणि त्यांचा राजापूर मतदारसंघ रेल्वेचा रूळही न पाहिलेल्या कोकणातला होता. तरीही भारतीय राज्यघटनेच्या इतिहासात त्यांचे नाव एका विधेयकाशी कायमचे जोडले गेले आहे. ते विधेयक मंजूर झाले नाही, ही त्या इतिहासातील विशेष गोष्ट होय.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. बेळगावात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी कारावास भोगला. स्वातंत्र्यानंतर ते लंडनला गेले व तेथे बॅरिस्टर झाले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. युरोपात राहून नाव मिळविणे त्यांना अवघड नव्हते; परंतु ते मायदेशी परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सारा मुलूख ढवळून निघाला असताना, १९५७ च्या निवडणुकीत राजापूरने त्यांना लोकसभेत पाठविले. १९६२ आणि १९६७ मध्येही त्याच मतदारांनी त्यांच्यावर विश्वास टाकला.

मुंबईतील चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर ज्याची चूल पेटे, त्या कोकणाचे दैन्य, तेथील रेल्वेची मागणी, गोव्याची मुक्ती आणि महाराष्ट्राचा सीमाप्रश्न हे विषय त्यांनी सभागृहात सातत्याने मांडले. परराष्ट्र धोरणावरील चर्चेतही त्यांचे भाषण सदस्य कान देऊन ऐकत. पंडित नेहरूंच्या धोरणावर ते परखड टीका करीत, पण नेहरूंविषयीचा आदर त्यांच्या शब्दांतून कधी लोपला नाही. वक्तृत्व हे त्यांचे मोठे सामर्थ्य होते, मात्र त्यामागे अभ्यासाची बैठक असे.

त्यांच्या संसदीय जीवनातील सर्वांत मोठा प्रसंग १९६७ साली उद्भवला. पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाच्या जमिनीवर कमाल जमीनधारणेच्या कायद्याने मर्यादा आली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांत मोडत असे. साहजिकच जमीनसुधारणेची पुढील वाट कशी निघणार, हा प्रश्न उभा राहिला. त्याहून मोठा प्रश्न असा होता की, घटनेविषयी अखेरचा शब्द कोणाचा, जनतेने निवडलेल्या संसदेचा की न्यायासनाचा?

या प्रश्नाला पहिले उत्तर सरकारकडून आले नाही. ७ एप्रिल १९६७ रोजी नाथ पै यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. घटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदाप्रमाणे मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेस आहे, हे निःसंदिग्धपणे नमूद करावे, एवढीच त्याची मागणी होती. मंत्री नसलेल्या सदस्यांच्या कामकाजासाठी सामान्यतः शुक्रवारी दुपारी अडीच तास राखून ठेवलेले असतात. बहुतेक खासगी विधेयके तेथेच मावळतात. १९५२ पासून अवघी चौदा अशी विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आणि १९७० नंतर एकही नाही. नाथ पै यांचे विधेयक मात्र दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, देशभर चर्चिले गेले आणि अल्पावधीतच नाथ पै विधेयक या नावानेच ओळखले जाऊ लागले.

विरोध करणाऱ्यांत मालमत्तेच्या हक्काचे पुरस्कर्ते होते, तसेच नागरी स्वातंत्र्याची मनापासून चिंता वाहणारे लोकही होते. समाजवादी मंडळींतही एकमत नव्हते. आज जमिनीसाठी मिळविलेला अधिकार उद्या एखादे उन्मत्त बहुमत भाषणस्वातंत्र्याविरुद्ध वापरील, ही शंका पोकळ नव्हती. नाथ पै यांची भूमिका अशी होती की, आपले विधेयक कोणताही हक्क हिरावून घेत नाही. ते केवळ घटनाकारांनी संसदेला दिलेला अधिकार स्पष्ट करते. हक्कांचे खरे रक्षण जागरूक जनताच करते, अशी त्यांची श्रद्धा होती.

घटनादुरुस्तीला उपस्थित सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांची गरज असते. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागाच मिळाल्या होत्या आणि १९६९ मध्ये तो पक्षही दुभंगला. सरकारची अनुकूलता असूनही विधेयक पुढे सरकेना. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर नाथ पै विधेयकही निकालात निघाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ जानेवारी १९७१ रोजी, सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी नाथ पै बेळगावात बोलले. हृदयविकाराने ते आधीच खंगले होते. १८ जानेवारीस, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

त्याच वर्षी नव्या लोकसभेत कायदामंत्री हरिभाऊ गोखले यांनी चोविसावी घटनादुरुस्ती मांडली. नाथ पै यांनी चार वर्षांपूर्वी जे मागितले होते, त्याचा गाभा तिच्यात होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती अमलात आली. पुढे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती वैध ठरविली. परंतु घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, अशी मर्यादा सात विरुद्ध सहा मतांनी घालून दिली. अधिकाराविषयी नाथ पै यांचे म्हणणे मान्य झाले आणि विरोधकांची शंकाही रास्त ठरली. पुढे दोनच वर्षांनी आलेल्या आणीबाणीने त्या मर्यादेचे मोल साऱ्या देशाला पटवून दिले. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळण्याचे काम १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने झाले. त्या वेळच्या मंत्रिमंडळात मधु दंडवते होते. नाथ पै यांच्यानंतर राजापूरने १९७१ पासून लोकसभेत धाडलेले प्रतिनिधी ते हेच. ज्या कोकण रेल्वेसाठी नाथ पै झगडले, ती १९९८ मध्ये पूर्णत्वास गेली.

ज्या वर्तुळाकार संसद भवनात हे सारे वाद रंगले, त्याचे नाव २०२३ पासून संविधान सदन असे झाले आहे. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांना ती वास्तू रस्त्यावरून जातायेता दिसते. घटनेविषयीचा एक मोठा प्रश्न तेथे प्रथम विचारणारा सदस्य वेंगुर्ल्याचा होता, आणि त्याच्या पाठीशी बहुमत नसतानाही सभागृहाला त्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले, हे त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांनी आवर्जून सांगावे.