माउस बिघडला म्हणून उलटा केला, आणि एंगलबार्ट यांची गोष्ट सापडली

माउस शेवटचा कधी हातात धरला होता, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवावं लागेल. माझंही तसंच, सगळी कामं फोनवर. पण गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी घरातला जुना कॉम्प्युटर चालू केला आणि माउसने अक्षरशः रडवलं. पॉइंटर एका जागी थांबेना. फोटो उचलून फोल्डरमध्ये टाकायला जावं, तर अर्ध्या वाटेत सुटून भलत्याच फोल्डरमध्ये पडायचा. रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी नऊला प्रिंट काढायची होती, आणि बहीण माझ्याकडे अशी बघत होती जणू माउस मीच बनवलाय.

उलटा करून बघितला. खाली लाल दिवा, शेजारी बारीकसं भिंग, आणि त्यावर अडकलेला केस! ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त बारीक फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. मध्ये केस आला की तो गोंधळतो. गुळगुळीत काचेवरही तसंच, कारण ताडून बघायला खुणाच नसतात. कॉटन बडने केस काढला, काचेच्या टेबलावर साधा कागद ठेवला. थरथर थांबली. फोटो मात्र अजून सुटतच होते, त्याकडे नंतर येतो.

ही वस्तू मुळात कोणी काढली हे मला त्या रात्री शोधावंसं वाटलं, आणि मग झोप गेलीच.

डग्लस एंगलबार्ट. जन्म ३० जानेवारी १९२५, अमेरिकेतलं पोर्टलंड. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. दुसऱ्या महायुद्धात कॉलेज अर्धवट सोडून नौदलात गेले, तिथे रडारचं काम शिकले. फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर रेड क्रॉसच्या वाचनालयात त्यांना व्हॅनेव्हर बुश यांचा एक लेख मिळाला. माहितीचे तुकडे एकमेकांना जोडून ठेवणाऱ्या, टेबलाएवढ्या यंत्राची कल्पना त्यात होती. ती डोक्यात राहिली.

परत येऊन पदवी, मग चांगली नोकरी. १९५० च्या अखेरीस लग्नही ठरलं. आपल्याकडे अशा माणसाला सेटल झाला म्हणतात. यांना मात्र पुढे करायचं काय, हा प्रश्न पडला. विचार करून त्यांनी ठरवलं की जगाचे प्रश्न गुंतागुंतीचे होत चाललेत, ते माणसांना मिळून सोडवता यावेत अशी साधनं बनवायची. रडारच्या पडद्यावर खुणा दिसतात, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं का दिसू नयेत? त्या काळी कॉम्प्युटर खोलीभर असायचा. कार्डं द्यायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. त्यामुळे अनेकांना हे वेड वाटलं. पण त्यांनी १९५५ मध्ये बर्कलीहून डॉक्टरेट घेतली, १९५७ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९६२ मध्ये सगळी योजना एका अहवालात मांडली.

माउस हा त्या योजनेतला एक लहानसा भाग. पडद्यावरच्या अक्षराकडे बोट कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न. नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटर नावाचं चाकवालं उपकरण असतं, त्यावरून त्यांना सुचलं. १९६४ मध्ये सहकारी बिल इंग्लिश यांनी ते बनवलं: लाकडी ठोकळा, वर एक बटण, खाली एकमेकांना काटकोनात दोन धातूची चाकं. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. वायर आधी मनगटाच्या बाजूने निघायची, शेपटीसारखी. हाताला अडकते म्हणून नंतर ती पुढे नेली.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. आपलीच वस्तू भारी असं त्यांनी गृहीत धरलं नाही. नासाच्या पैशातून परीक्षा घेतली. लाइट पेन, जॉयस्टिक, टेबलाखाली गुडघ्याने हलवायचं उपकरणसुद्धा! नवख्या लोकांचं काम लाइट पेनने आणि गुडघ्याने जास्त पटकन झालं. सरावलेल्यांच्या हातात मात्र माउस जिंकला.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत हजारेक लोकांसमोर त्यांनी दीड तास प्रात्यक्षिक दिलं. क्लिक केलं की दुसरीकडे नेणारी लिंक, पडद्यावर मजकूर दुरुस्त करणं, आणि दूर मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याचा चेहरा बघत एकाच कागदावर दोघांनी काम करणं. सगळं चालू, लाइव्ह. आपण फोनवर हे रोज करतो.

एवढं झाल्यावर माणूस श्रीमंत झाला असेल? अजिबात नाही. पेटंट १९७० मध्ये मिळालं, पण मालकी संस्थेची. ॲपलला त्याचा परवाना जवळपास ४०,००० डॉलरला गेला, एंगलबार्टना रॉयल्टी शून्य. १९८७ मध्ये पेटंटची मुदतही संपली. त्याआधीच निधी आटला होता आणि चांगली माणसं झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत गेली होती. त्यांना कोणालाही लगेच जमेल असा कॉम्प्युटर हवा होता. एंगलबार्टचा हट्ट वेगळा: शिकायला वेळ लागला तरी चालेल, पण साधन ताकदवान हवं. डाव्या हातासाठी त्यांनी पाच बटणांचा कीबोर्ड केला होता, त्यात एकेका अक्षरासाठी बटणांची जोडणी पाठ करावी लागायची. खरं सांगतो, मी तरी शिकलो नसतो. पण त्यांचं सगळंच चुकलं असंही मला वाटत नाही. अवघड म्हणून जे मागे ठेवलं गेलं, त्यातच एकत्र विचार करण्याचं त्यांचं मूळ स्वप्न होतं.

प्रयोगशाळा विकली गेली, ते बरीच वर्षं बाजूला पडले. उतारवयात त्यांच्या छोट्या संस्थेला ऑफिससाठी जागा दिली ती माउस बनवणाऱ्या लॉजिटेकने. १९९७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २ जुलै २०१३ ला, ८८ व्या वर्षी ते गेले.

आता ते सुटणारे फोटो. दोष कॉम्प्युटरचा की माउसचा, हे कळायला ओटीजी लावून माउस फोनला जोडला. पडद्यावर बाण आला, ॲपचा आयकॉन ओढला, तोही मध्येच सुटला. म्हणजे दोष माउसमध्ये. बटणाखालच्या स्विचचा पत्रा झिजला की दाबून धरलेलं असतानाही संपर्क क्षणभर तुटतो, आणि एका क्लिकचे दोन होतात. हे पुसून जात नाही, स्विच किंवा माउस बदलावा लागतो. रात्री दुकान कुठलं उघडं? मी बहिणीला उठवलं आणि ओढण्याऐवजी फोटो निवडून कंट्रोल एक्स, मग फोल्डरमध्ये कंट्रोल व्ही दाबायला सांगितलं. तिला ते येतच होतं. मग आधी का नाही केलंस, विचारलं, तर तिने माउस माझ्या हातात दिला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.